कॅमेरा गेला, आता जवळ कोण जाणार?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या लाडक्या सिनेमावरून तू करतो आहेस त्या संगीत नाटकाच्या संहितेचा पहिला खर्डा, दोन्ही मिळालं. खर्डा दोनदा वाचला, एकदा पेन हातात न घेता आणि एकदा घेऊन. 118 पानं, 61 प्रवेश, 9 गाणी. आणि पत्राच्या शेवटी तुझं ते वाक्य, ‘ताई, यातलं काहीच गाळवत नाही हो.’

मला कळतं ते. ज्या सिनेमावर आपला जीव असतो, त्यातली कुठलीच गोष्ट आपल्याला जास्तीची वाटत नाही. नायिकेनं पदर खोचला तरी तो तसाच खोचला जावा असं वाटतं. तू हा सिनेमा आजोबांच्या शेजारी बसून पहिल्यांदा पाहिलास, आजोबा संवाद आधीच पुटपुटायचे, हे तू लिहिलंयस. त्या माणसाचा शब्द मोडल्यासारखं वाटत असणार तुला प्रत्येक काटछाटीत. तरीही मी तुला काटछाट करायलाच सांगणार आहे, आणि ती कुठे करायची हे सांगण्यासाठी हे पत्र जरा लांबणार आहे.

खर्डा वाचताना मला सारखं जाणवत होतं की तू सिनेमा उतरवून काढला आहेस. संवाद जसेच्या तसे आलेत, प्रसंगांचा क्रम तोच आहे, आणि जिथे जागा दिसली तिथे गाणं बसवलं आहेस. त्यामुळे झालंय असं की, पात्रं जिथे आधीच भरपूर बोलतात तिथे ती वर गातातही. सिनेमा जिथे गप्प होतो, तिथे तुझी संहिताही गप्प आहे. कंसात फक्त ‘ती त्याच्याकडे पाहते’ असं आहे. असे ‘पाहते’, ‘पाहतो’ मी मोजले, 23 आहेत. ही 23 ठिकाणं म्हणजेच तुझं नाटक. बाकीचं बरंचसं सिनेमाकडेच राहू दे.

असं का म्हणते, ते सांगते. सिनेमाची खरी ताकद जवळ जाण्यात आहे. पापणी लवली, ओठ किंचित आवळले गेले, बोटातली अंगठी फिरवली गेली, एवढ्यावर सिनेमा अख्खी गोष्ट सांगून जातो. नाट्यगृहात पंधराव्या रांगेतल्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही. त्याला दिसतं एक माणूस उभा आहे. कॅमेरा काढून घेतल्यावर जवळ जाण्याचं काम दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं, आणि संगीत नाटकात ते काम गाण्याचं आहे. गाणं म्हणजे आपला क्लोजअप. तो कुठे लावायचा हे ठरवलं की अर्धी संहिता आपोआप सुटते.

म्हणून पहिलं काम. सिनेमा आवाज पूर्ण बंद करून बघ. वहीत दोन रकाने आख. एकात कॅमेरा कोणाच्या, कशाच्या जवळ गेला ते लिही, दुसऱ्यात त्या क्षणी तुला काय कळलं ते लिही. मग दुसऱ्या दिवशी पडद्याकडे पाठ करून फक्त ऐक. ज्या ठिकाणी ऐकताना काहीच समजत नाही, पण पाहताना सगळं समजलं होतं, तिथे खूण कर. ह्याला दोन दिवस जातात. तू म्हणशील मला सिनेमा पाठ आहे, बघायची गरज नाही. पाठ आहे म्हणूनच बघ. पाठ झालेल्या सिनेमात आपल्याला आपली आठवण दिसते, सिनेमा दिसत नाही.

आता एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका जुन्या, लोकांच्या मनात घर करून बसलेल्या सिनेमाचं संगीत नाटक करायला घेतलं होतं. त्यात एक प्रसंग होता. नवरा जाऊन काही आठवडे झालेत आणि धुलाईवाला कपड्यांचं गाठोडं आणून देतो, कारण त्याला कोणी कळवलेलंच नाही. ती बाई गाठोडं सोडते. त्यात नवऱ्याचे शर्ट. एका शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं आहे, कारण ते तिनंच घाईघाईत शिवलं होतं. कॅमेरा त्या दोऱ्यावर येऊन थांबतो. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. जेमतेम 40 सेकंदांचा तुकडा, आणि सिनेमा पाहिलेला प्रत्येक जण तो दोरा विसरत नाही.

आम्ही पहिल्या तालमीत तो जसाच्या तसा केला. अभिनेत्री उत्तम होती. मी चौदाव्या रांगेत जाऊन बसले. तिथून मला दिसली हातात पांढरं कापड धरून उभी असलेली एक बाई. बस.

मग आम्ही गाणं घातलं. संगीतकारानं सुरेख चाल दिली, दोन अंतरे, मधे व्हायोलिनचा तुकडा. तिनं गायलंही असं की तालमीच्या खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी गेले आणि झोप लागेना. सिनेमातल्या बाईला बोलता येत नव्हतं, हेच तर दुःख होतं तिचं. आमची बाई चार मिनिटं ते दुःख समजावून सांगत होती. गाणं चांगलं होतं आणि प्रसंग मेला होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी तिथे शिकले. ते गाणं काढायला सांगताना मला संगीतकाराच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

तोड काढली गीतकारानं, पुढच्या आठवड्यात. तो म्हणाला, गाठोडं आलं की बाई काय करते? कपडे मोजते. मग तिला मोजू दे. तंबोऱ्यासारखा एकच सूर मागे, आणि ती धुलाईच्या वहीतला हिशोब म्हणत जाते. चार चादरी, सहा उशांचे अभ्रे, दोन टॉवेल, तीन शर्ट. गाणं म्हणावं असंही काही नाही, दोनतीन सुरांतच फिरणारी ओळ, प्रत्येक वेळी षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, येऊन टेकणारी. प्रेक्षकाच्या कानाला त्या टेकण्याची सवय होते. शेवटी ती ‘चार शर्ट’ म्हणायला जाते, चौथा हातात घेते, आणि ओळ निषादावरच, ‘सा’च्या एक पायरी आधीच्या ‘नी’वर, राहते. षड्ज येतच नाही. ती शर्ट पुन्हा तिसऱ्यावर ठेवते आणि पहिल्यापासून मोजायला लागते. दिवा उतरतो.

त्या रात्री चौदाव्या रांगेत माझ्या शेजारी आमच्या नेपथ्यकाराची आई बसली होती. तिनं तो सिनेमा पाहिलेला नव्हता. तिनं माझा हात घट्ट धरला.

दोरा गेला, बटण गेलं, ज्यासाठी तो प्रसंग प्रसिद्ध होता ते सगळं गेलं. पण बाई तीच होती. तुझ्या 23 जागांपैकी प्रत्येकीला हाच प्रश्न विचार. इथे हे माणूस काय करत आहे, आणि ते ऐकू येईल असं करता येईल का? भावनेवर गाणं लिहायला बसलास की गीतकार उपमा शोधायला लागतो. कृतीवर लिहायला बसलास की पात्र सापडतं.

मोठमोठ्यांनी हेच केलेलं दिसेल तुला. इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 1957 सालचा सिनेमा ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ संपतो तो नायिका जुलिएता मसिनाच्या चेहऱ्यावर. सर्वस्व गमावलेली ती बाई गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून चालते आहे, डोळ्यांत पाणी आहे आणि ओठांवर हळूहळू हसू येतं. हे रंगमंचावर आणणं अशक्य. 1966 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्याचं ‘स्वीट चॅरिटी’ हे संगीत नाटक झालं, तेव्हा दिग्दर्शक बॉब फॉसीनं तो चेहरा मागितलाच नाही. रोममधली वेश्या न्यूयॉर्कच्या डान्स हॉलमध्ये भाड्यानं नाचणारी मुलगी झाली. म्हणजे जे सिनेमात डोळ्यांत होतं ते अख्ख्या शरीरात आलं, आणि शरीर शेवटच्या रांगेतूनही दिसतं. मला स्वतःला मूळ सिनेमाच जास्त भिडतो, नाटकानं त्याची धार थोडी बोथट केली असं वाटतं. तरी तो निर्णय कसा घेतला असेल याचा विचार मी कितीतरी वेळा केला आहे.

दुसरं उदाहरण तर तुझ्या नायिकेसाठीच आहे. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 1955 सालच्या ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ या सिनेमावरून संगीतकार-गीतकार स्टीव्हन सॉन्डहाइम आणि लेखक ह्यू व्हीलर यांनी 1973 साली ‘अ लिटल नाइट म्युझिक’ केलं. त्यातलं ‘सेंड इन द क्लाउन्स’ हे गाणं तालमी चालू झाल्यावर आलं. त्या प्रवेशात गाणं पुरुषाचं असेल असं सॉन्डहाइमना वाटत होतं. दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स यांनी प्रवेश असा बसवला की तो बाईचा आहे हे सॉन्डहाइमना दिसलं. आणि ती भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्स यांचा आवाज गोड, किंचित धुरकट, पण लांब सूर धरून ठेवणारा नव्हता. म्हणून त्यांनी तुटक, लहान ओळी लिहिल्या, बऱ्याचशा प्रश्नासारख्या, प्रत्येकीनंतर श्वास घ्यायला जागा. नटीच्या गळ्याची मर्यादा त्या पात्राचं दुखणं होऊन बसली. तुझी नायिका मोठी गायिका नाही आणि तू त्याची काळजी करतो आहेस. करू नकोस. तिला घेऊन संगीतकारासमोर बस, ती कुठपर्यंत सहज जाते ते ऐकू दे त्याला, आणि चाल तिच्या अंगावर बेतू दे. आधी चाल आणि मग गळा, असं केलंस तर ती प्रत्येक प्रयोगात घाबरलेली दिसेल.

आता हिशोबाचं बोलते, कारण त्याशिवाय तू काही गाळणार नाहीस. तुझा सिनेमा दीड तासाच्या थोडा वर आहे. नाटक मध्यंतर सोडून सव्वादोन तासांच्या पुढे गेलं तर लोक हातातल्या घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणजे तुझ्याकडे 135 मिनिटं आहेत. तुला लागतील 14 ते 16 गाणी, 9 नव्हे. सरासरी साडेतीन मिनिटं धर, म्हणजे 50 ते 55 मिनिटं गाण्यांची झाली. उरली साधारण 80. त्यात प्रवेशांमधली हलवाहलव आहे, टाळ्या आहेत, आणि रंगमंचावर बोलणं सिनेमापेक्षा संथ असतं, ते वेगळंच. तुझ्या 118 पानांपैकी साधारण निम्मी पानं जाणार आहेत. जिथे गाणं येईल तिथला संवाद गाण्यात विरघळायला हवा. गाण्याच्या आधी तेच बोलून, गाण्यात तेच सांगून, गाण्यानंतर पुन्हा त्यावर दोन वाक्यं, हे तुझ्या सध्याच्या पाचव्या प्रवेशात झालंय. तिथे फक्त गाणं ठेव आणि वाचून बघ.

गाळायला कुठून सुरुवात करायची, तर ये-जा करणाऱ्या प्रसंगांपासून. सिनेमात माणूस घरातून निघतो, रस्त्यावरून जातो, ऑफिसात पोचतो. कट, कट, कट. रंगमंचावर त्याच्यासाठी तीन ब्लॅकआउट घेतलेस तर प्रेक्षक तीनदा नाटकातून बाहेर येतो. अंधारात टेबल सरकवण्याचा आवाज हा नाटकातला सर्वात मोठा आवाज असतो, लक्षात ठेव. तुझ्या 61 प्रवेशांचे माझ्या मते 19-20 व्हायला हवेत.

आणि कटाला पर्याय आहे. सिनेमा एकामागून एक दाखवतो, रंगमंच एकाच वेळी दाखवू शकतो. ‘बिली एलियट’ हा 2000 सालचा सिनेमा 2005 साली लंडनला रंगमंचावर आला. लेखक ली हॉल आणि दिग्दर्शक स्टीव्हन डॉल्ड्री हे सिनेमाचेच, तरी त्यांनी आपला सिनेमा उतरवून काढला नाही. 1984 च्या खाणकामगारांच्या संपाची गोष्ट. संपकरी, पोलीस आणि बॅले शिकणाऱ्या लहान मुली, हे सगळे ‘सॉलिडॅरिटी’ या एका गाण्यात एकाच रंगमंचावर एकमेकांत मिसळून नाचतात. पोलिसांची फळी हलते, तिच्यातून झालरीचे झगे घातलेल्या पोरी निघतात. संप किती दिवस चालला, मुलगा नाच किती शिकला, गावाचं काय झालं, सगळं त्या एका गाण्यात. सिनेमात मोठा झालेला बिली शेवटी काही क्षण दिसतो. नाटकात तो मधेच येतो आणि लहान बिलीबरोबर ‘स्वान लेक’ या बॅलेच्या संगीतावर नाचतो. दोन काळ एकमेकांना हात धरून उचलतात. पडद्यावर हे केलं असतं तर तांत्रिक करामत वाटली असती. रंगमंचावर प्रेक्षक ते विनातक्रार मान्य करतो, कारण दोन्ही माणसं खरीच त्याच्यासमोर आहेत.

तुझ्या फ्लॅशबॅकचंही असंच कर. सिनेमा जुना प्रसंग पुन्हा दाखवतो. तुला दाखवायची गरज नाही. पहिल्या अंकातल्या त्या प्रसंगाला एक चाल दे, आणि दुसऱ्या अंकात शब्दांशिवाय, एखाद्याच वाद्यावर, ती चाल परत येऊ दे. प्रेक्षकाला सगळं आठवेल. मात्र चाल पहिल्यांदा येते तेव्हा ती नीट रुजली पाहिजे, त्यासाठी तिला पहिल्या अंकात किमान दोनदा जागा ठेव.

भव्य दृश्यांबद्दल तू एलईडी पडद्याचा विचार करतो आहेस. पुराचं दृश्य पडद्यावर चालवायचं आणि नट पुढे उभे. मला हे पटत नाही. मूळ पूर बघायचा तर मूळ सिनेमा आहेच. 1994 च्या ‘लायन किंग’ या सिनेमाचं दिग्दर्शिका ज्युली टेमोरनी 1997 साली नाटक केलं. तिथे दुष्काळ कसा दाखवला माहीत आहे? जमिनीवर रेशमी कापडाचा निळा गोल, तो म्हणजे पाणवठा. मधल्या भोकातून कापड खाली ओढलं जातं, गोल आकसत आकसत नाहीसा होतो. सिंहिणी रडतात तेव्हा त्यांच्या मुखवट्यांच्या डोळ्यांतून कापडी फिती ओढून काढल्या जातात. मुखवटे कपाळाच्या वर, खाली नटाचा चेहरा उघडा. फसवायचा प्रयत्नच नाही. हे कापड आहे हे प्रेक्षकाला दिसतं, आणि पाणी तो स्वतः पुरवतो. प्रेक्षकाला असं काम द्यावं. पडदा त्याचं काम काढून घेतो. तुझ्या पुरासाठी मला कोरस आणि घरातल्या वस्तू एवढंच पुरेसं वाटतं. माणसं वस्तू डोक्याच्या वर धरून हळूहळू उचलत जातात, खुर्ची, पाळणा, पेटी, आणि त्यांचा सूर एकेक पट्टी वर चढतो. तुला दुसरं सुचलं तर तुझं कर, पण माणसांकडून करून घे.

आता सर्वात नाजूक गोष्ट. तुझ्या सिनेमात मुळातच चार गाणी आहेत आणि ती लोकांच्या ओठांवर आहेत. ज्या सिनेमात गाणी नव्हती त्याचं रूपांतर करणं एका अर्थी सोपं, कारण तिथे पाटी कोरी असते. तुझ्याकडे लोक गाणी ऐकायलाच येणार. पहिल्या सुरावटीलाच टाळ्या पडतील. त्या टाळ्या तुझ्या नाहीत, त्या जुन्या आहेत. त्यांच्यावर विसंबू नकोस.

त्या गाण्यांचा मूळ आवाज प्रत्येकाच्या कानात कोरलेला आहे, हरकतींसकट, श्वासांसकट. तुझ्या कलाकारांनी त्या आवाजाची नक्कल केली तर पहिल्याच ओळीला तुलना सुरू होते, आणि ती तुलना तू कधीच जिंकणार नाहीस. पट्टी बदल. मूळ गाणं बरंच वर असेल तर दोन-तीन स्वर खाली आण, ठेका थोडा सैल कर, वाद्यमेळ अर्धा कर. शब्द आणि मुखड्याची चाल अजिबात बदलू नकोस, ती लोकांची झाली आहे. आणि प्रत्यक्ष गाऊन घे, मागे ट्रॅक लावून ओठ हलवणं नको. के. आसिफ यांचा 1960 चा ‘मुघल-ए-आझम’ फिरोज अब्बास खान यांनी 2016 साली रंगमंचावर आणला, तेव्हा त्यांनी नाचता नाचता प्रत्यक्ष गाण्याचा आग्रह धरला. अनारकलीच्या भूमिकेत आपली प्रियांका बर्वे होती. ज्या गाण्याला लताबाईंचा आवाज आहे ते गाणं हजारभर माणसांसमोर, भरजरी पोशाखात, गिरकी घेऊन झाल्यावर गायचं, ही काय जोखीम आहे याचा विचार कर. पण प्रेक्षक त्या जोखमीसाठीच येतो. पडद्यावरचं गाणं चुकूच शकत नाही. समोरचं गाणं चुकू शकतं, म्हणून तो पुढे सरसावून ऐकतो.

चारपैकी एखादं गाणं तर त्याच्या मूळ जागेवरून उचलून दुसऱ्याच पात्राला द्यावं असं मला वाटतं. ते अंगाईगीत आईऐवजी दुसऱ्या अंकात बापाच्या तोंडी आलं तर? अर्धवट शब्द आठवत, एकट्यानं. बघ विचार करून.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मग उत्सुकता कशी टिकवायची, असंही तू विचारलं आहेस. ह्याची मला कधीच भीती वाटली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हा शकुंतलेचं पुढे काय होतं हे कोणाला माहीत नव्हतं? ‘सौभद्र’ बघायला बसलेल्या प्रत्येकाला सुभद्रा शेवटी कोणाची होणार हे ठाऊक असतं. तरी लोक रात्र रात्र बसत. पुढे काय होणार ह्यापेक्षा, हे माणूस ते कसं सोसणार आणि कोणत्या सुरात सोसणार, ही ओढ जास्त चिवट असते. फक्त एक फरक ध्यानात ठेव. आपल्या जुन्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबली तरी चालायचं, गाण्यासाठीच माणसं आलेली असत. तू करतो आहेस त्या प्रकारात गाणं संपताना पात्र सुरू झालं तिथे उभं राहता कामा नये. काहीतरी ठरलेलं, तुटलेलं किंवा कळलेलं असायला हवं. तुझ्या तिसऱ्या गाण्यात तसं काही घडत नाही, ते गाणं गोड आहे, पण जाऊ दे.

कलाकारांना मूळ नटांची लकब करू देऊ नकोस. पहिल्या वाचनाच्या आधी महिनाभर सिनेमा बघायचा नाही अशी अट घाल. प्रसिद्ध संवादांचंही तेच. निर्माते सगळे टाळ्यांचे संवाद ठेवा म्हणून धरून बसतील. माझ्या एका निर्मात्यानं तशी यादीच दिली होती, 17 संवादांची. मी ती सगळी घातली, कारण मला नाटक उभं करायचं होतं. प्रयोगात लोक प्रत्येक संवाद आधीच म्हणायचे आणि आमचा नट बिचारा त्यांच्या मागून. त्या नटाची मी आजही अपराधी आहे. तू तीन ठेव. ते तीनही अशा ठिकाणी ठेव जिथे लोकांना ते अपेक्षित नाहीत.

नाव, गर्दी, पैसा यांनी हे काम तरत नाही, हेही एकदा निर्मात्याशी बोलून घे. 1966 साली ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’चं संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, पडद्यावरचे लोकप्रिय चेहरे घेऊन. मधेच एडवर्ड अल्बींसारख्या नाटककाराकडून संहिता नव्यानं लिहून घेतली. चार पूर्वप्रयोगांनंतर, अधिकृत शुभारंभाच्या आधीच ते बंद केलं. उलट ‘द बँड्स व्हिजिट’ बघ, 2007 चा शांत, छोटा सिनेमा. एका बँडची आठ माणसं एका आडगावात एक रात्र अडकतात, बाकी काही घडत नाही. 2017 साली ब्रॉडवेवर आलेल्या त्याच्या नाटकाला मध्यंतरसुद्धा नव्हतं. त्यांनी त्या शांततेला मोठं केलं नाही. त्याला पुढच्या वर्षी दहा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे सर्वात मानाचे पुरस्कार, मिळाले.

हक्कांबद्दल थोडक्यात. ‘निर्मात्याची परवानगी मिळाली’ एवढ्यावर राहू नकोस. पटकथा कोणाची, ती एखाद्या कादंबरीवर होती का, गीतांचे शब्द, चाली, ध्वनिमुद्रण, सिनेमाचं नाव, हे सगळे वेगवेगळे हक्क असतात आणि बऱ्याचदा वेगवेगळ्या वारसांकडे असतात. नाट्यप्रयोगाचा हक्क असा स्पष्ट शब्द कागदावर हवा. हे तालमी सुरू होण्याआधी. संगीतकाराच्या वारसांना स्वतः भेटायला जा, वकिलाला एकट्याला पाठवू नकोस.

मग पुढच्या तीन महिन्यांत नेपथ्य, पोशाख, दिवे, काही नको. एक पेटी, एक तबला, आठ खुर्च्या, आणि सगळं वाचून-गाऊन काढ. बोलाव अशा दहा जणांना ज्यांनी सिनेमा पाहिलाय, आणि अशा दहा जणांना ज्यांनी पाहिलेला नाही. दुसऱ्या दहांचे चेहरे बघ. पहिले दहा आपल्या आठवणीतून रिकाम्या जागा भरून घेतात आणि तुला खोटा दिलासा देतात. दुसऱ्यांची चुळबुळ जिथे सुरू होईल तिथे तू सिनेमावर उधारीनं जगतो आहेस असं समज.

शेवटी तुझा तो शेवटचा शॉट. ती दार लावून घेते, कॅमेरा बाहेरच राहतो, आणि बंद दार दिसत राहतं. तू लिहिलंयस की इथे पडद्यावर मूळ सिनेमातला तोच शॉट दाखवायचा आणि नाटक संपवायचं, मानवंदना म्हणून. तुझी भावना मला कळते. पण सव्वादोन तास तुझी माणसं जिवंत समोर उभी राहिली, गायली, घामानं भिजली, आणि अखेरच्या क्षणी तू त्यांना बाजूला सारून पुन्हा पडद्याकडे जाणार? नको.

त्यापेक्षा एक गोष्ट बघ. सिनेमात कॅमेरा बाहेर होता, म्हणून ती आपल्याला बाहेर ठेवून आत गेली. रंगमंचावर तिच्या घराची चौथी भिंत आपण सुरुवातीलाच काढलेली असते. प्रेक्षक सव्वादोन तास तिच्या घरात बसला आहे. ती दार लावेल तेव्हा तो कुठे असेल? तिच्याबरोबर आत, की बाहेर गेलेल्या त्या माणसाबरोबर? आत असेल तर आपल्याला तिची पाठ दिसेल, कडीवरचा हात दिसेल, आणि सिनेमानं कधीच दाखवलं नाही ते दिसेल, दार लावल्यानंतरची ती. तिथे तिला गाणं द्यायचं की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. कदाचित त्या बापाच्या अंगाईचा एखादाच सूर, बाहेरून, दारापलीकडून.

हे ठरेपर्यंत नेपथ्याचा आराखडा पक्का करू नकोस. घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं, यावर सगळी रचना फिरेल. पहिल्या अंकाचा नवा खर्डा झाला की पाठव, आणि ते वाचन कधी ठेवतो आहेस ते आठ दिवस आधी कळव. मी सिनेमा पाहिलेल्यांच्यात बसणार नाही, मागे उभी राहीन.

तुझी,
ताई